हाड जुळले, पण हात वळत नाही

वाचकाचे पत्र

माझे वय ५२. देवगड तालुक्यातील एका वाडीत आमचे घर आहे. वटपौर्णिमेनंतर आठ-दहा दिवसांनी विहिरीवरून येताना जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळावरून पाय घसरला आणि मी उजव्या हातावर पडले. मनगटाचे हाड मोडले. सहा आठवडे प्लॅस्टर होते, ते काढून आता बारा दिवस झाले. एक्स-रे पाहून डॉक्टरांनी हाड जुळल्याचे सांगितले; पण मूठ पूर्ण मिटत नाही, मनगट वळत नाही आणि आता खांदाही वर जाईनासा झाला आहे. नारळी पौर्णिमेला नारळीभातासाठी खवणीवर बसले, तर अर्धी वाटीसुद्धा खवून झाली नाही. तालुक्याच्या गावी फिजिओथेरपिस्टकडे तीन वेळा जाऊन आले. एस.टी.ने सव्वा तास लागतो. तिथे व्यायाम करताना खूप दुखते आणि संध्याकाळी हात सुजतो, म्हणून चौथ्या वेळी गेलेच नाही. सासूबाई म्हणतात, "हाड जुळला मा, मगे हाताक तरास कित्याक देतंस?" शेजारच्या गावात एक गृहस्थ तेल लावून हात चोळून देतात, तिकडे जावे असेही घरी बोलणे चालले आहे. मला मधुमेहाची गोळी चालू आहे. गणपती दोन आठवड्यांवर आले आहेत. व्यायाम थांबवून हाताला विश्रांती दिली तर चालेल का? की नुसता मशीनचा शेक घ्यावा?

उत्तर

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या प्रश्नाचे उत्तर आधी स्पष्ट शब्दांत देते आणि कारणे नंतर सांगते. व्यायाम थांबवू नका. तो ज्या जोराने आणि ज्या पद्धतीने चालला आहे त्यात बदल करायला हवा असे तुमच्या पत्रावरून मला वाटते. परंतु आता हाताला विश्रांती दिली, तर आखडलेला हात तसाच आखडून राहील. हाडाचे काम बऱ्याच अंशी झाले आहे. उरलेली दुखापत सांध्यांत, स्नायूंत आणि सुजेत आहे आणि ती हालचालीनेच जाते.

पसरलेल्या तळव्यावर पडल्यावर मनगटाजवळ बहुधा अंगठ्याच्या बाजूचे हाड मोडते, ज्याला डॉक्टर रेडियस म्हणतात. अब्राहम कोलिस या आयरिश शल्यविशारदाने या मोडीचे वर्णन १८१४ साली, म्हणजे एक्स-रेचा शोध लागण्याच्याही ऐंशी वर्षे आधी केले, आणि तिचा सर्वांत नेहमीचा प्रकार आजही त्याच्याच नावाने ओळखला जातो. इतकी ही दुखापत जुनी आणि सरावाची आहे. प्लॅस्टरमुळे हाडाला जुळून यायला लागणारी स्थिरता मिळते आणि ती द्यावीच लागते. पण हाडाबरोबर जे मोडलेले नव्हते तेही सहा आठवडे जखडून पडते. सांध्याभोवतीचे आवरण हालचालीवाचून आकसते. न वापरलेला स्नायू काही दिवसांतच बारीक होऊ लागतो. तुम्ही दोन्ही हात कोपरापासून शेजारी शेजारी धरून पाहिलेत, तर उजवा किती रोडावला आहे ते तुम्हालाच दिसेल. बोटे मिटणाऱ्या आणि उघडणाऱ्या स्नायूंच्या दोऱ्या मनगटावरून पुढे जातात आणि आपापल्या म्यानात सरकत असतात. सूज साचून राहिली की त्या चिकटल्यासारख्या होतात आणि मूठ मिटताना मध्येच अडतात. सांध्यातील कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत थराला, तर स्वतःच्या रक्तवाहिन्याच नसतात. सांधा हलला की त्यातले वंगण फिरते आणि त्यातूनच तिला पोषण मिळते. त्यामुळे एक्स-रेमध्ये हाड जुळलेले दिसत असताना मूठ मिटत नाही, यात काही विपरीत घडलेले नाही. सहा आठवडे बांधलेल्या हाताचे असेच होते.

हे मी इतक्या तळमळीने का लिहिते, तेही सांगते. माझ्या आत्याचा हात तिच्या पन्नाशीत असाच मोडला होता. त्या वेळी ज्या दवाखान्यात प्लॅस्टर काढले, तिथे पुढे काय करायचे हे तिला कोणी सांगितले नाही आणि घरच्यांनी मायेपोटी तिच्या हाताला काम लागू दिले नाही. हाड उत्तम जुळले, पण तळहात आभाळाकडे वळेना. देवळात तीर्थ घेताना आत्या सगळे अंग उजवीकडे कलवून पळीखाली हात धरत असे आणि अर्धे तीर्थ मनगटावरून ओघळून जात असे. ती वारली तोवर तिचा हात तसाच होता. पुढे मी फिजिओथेरपीचेच शिक्षण घेतले, तेव्हा मला कळले की पहिल्या तीन महिन्यांत रोज थोडा थोडा व्यायाम झाला असता तर तो हात बहुतांशी मोकळा झाला असता. तुम्ही आज नेमक्या त्याच तीन महिन्यांत आहात.

आता दुखण्याविषयी. दुखते म्हणजे नुकसान होते आहे, हा समज इतका स्वाभाविक आहे की सासूबाईंना त्याबद्दल दोष देता येणार नाही. हाड ताजे मोडलेले असताना होणारी वेदना खरोखरच धोक्याची सूचना असते. हात हलवू नकोस असे ती सांगते आणि ते ऐकायचेच असते. परंतु हाड जुळल्यानंतर आखडलेले आवरण ताणले जाताना होणारी वेदना निराळी असते. ती ताणल्यासारखी, ओढल्यासारखी असते, हालचालीच्या टोकाला येते आणि हात सैल सोडला की ओसरू लागते. पावसाळ्यात आपल्याकडे लाकडी दार फुगते, त्याची आठवण करा. फुगलेले दार कोणी एकदम हिसका देऊन ओढले तर बिजागरीच निघून येते आणि ते चार महिने तसेच बंद ठेवले तर आणखी घट्ट बसते. रोज अडेल तिथपर्यंत हलक्या हाताने उघडत राहिले, तर ते मोकळे होते.

अडेल तिथपर्यंत म्हणजे किती, हे ठरवण्याची एक पद्धत मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला शिकवते. मुळीच न दुखणे म्हणजे शून्य आणि सहन होण्यापलीकडचे दुखणे म्हणजे दहा, असे मनाशी धरा. व्यायाम करताना दुखणे तीन-चारपर्यंत गेले तर चालेल. तेवढ्याने काही बिघडत नाही. ते पाच-सहाच्या वर जाऊ लागले, दात आवळावे लागले, श्वास रोखला गेला, तर जोर कमी करा. आणि खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी होते. आदल्या दिवशी वाढलेले दुखणे आणि सूज सकाळपर्यंत मूळपदावर आली असेल, तर मात्रा बरोबर होती. सकाळीही हात कालच्यापेक्षा जास्त ठणकत असेल, तर मात्रा जास्त झाली होती. त्या दिवशी ती निम्मी करा, पण बंद करू नका. तुमच्या तीन भेटींत बहुधा हेच घडले असावे की आठवड्याचा सगळा व्यायाम एकाच बैठकीत झाला, मग सव्वा तास एस.टी.त हात खाली लोंबत राहिला आणि संध्याकाळी तो सुजला. हे फिजिओथेरपिस्टना जसेच्या तसे सांगा. किती दुखले आणि किती वेळ दुखले हे रुग्णाने सांगितल्याशिवाय आम्हाला मात्रा ठरवता येत नाही, आणि दुखले म्हणून न येणारा रुग्ण आम्हाला काहीच सांगत नाही.

काही लक्षणे मात्र वेगळी आहेत आणि ती दिसली तर व्यायामाचा विचार बाजूला ठेवून लगेच अस्थिरोगतज्ज्ञांकडे जायचे आहे. व्यायामाच्या मानाने कितीतरी जास्त, आग होत असल्यासारखी वेदना, नुसता पदर लागला तरी न सोसणे, हाताची कातडी चकचकीत, लालसर किंवा निळसर दिसणे, एकाच हाताला घाम येणे किंवा तो दुसऱ्यापेक्षा गरम अथवा थंड लागणे, हे सारे एकत्र दिसू लागले तर मज्जातंतूंशी संबंधित असा एक त्रास सुरू झालेला असू शकतो, ज्याचे उपचार जितके लवकर सुरू होतील तितके चांगले. अंगठा, तर्जनी आणि मधले बोट यांना मुंग्या येऊन रात्री जाग येऊ लागली, तर मनगटातील मज्जातंतूवर दाब येत असण्याची शक्यता असते. आणि अंगठा कालपर्यंत वर उचलता येत होता, तो आज अचानक उचलताच येईनासा झाला, तर त्याची दोरी झिजून तुटलेली असू शकते. या मोडीनंतर काही आठवड्यांनी, मोड फारशी सरकलेली नसतानाही, असे क्वचित घडते. तुमच्या पत्रात यांपैकी काहीही नाही. तरीही हात टेबलावर पालथा ठेवून अंगठा छताकडे उचलून पाहण्याची सवय लावा. त्याला क्षणभरच लागतो.

चोळून घेण्याबद्दल माझे मत ठाम आहे. खोबरेल तेल कोमट करून तुमचे तुम्हीच, किंवा तुमच्या मुलीने, बोटांच्या टोकांकडून कोपराच्या दिशेने हलक्या हाताने फिरवले, तर सूज उतरायला मदत होते आणि हाताला बरे वाटते; ते जरूर करा. परंतु दुसऱ्या कोणी जोर लावून सांधा ओढणे, पिरगळणे आणि 'कट्' आवाज येईपर्यंत दाबणे याला माझी अजिबात संमती नाही. नुकत्याच जुळलेल्या हाडाची ताकद किती आली आहे याचा अंदाज बाहेरून येत नाही. कोपराच्या दुखापतीत तर जोराने चोळल्यामुळे स्नायूमध्येच हाड तयार होऊन सांधा कायमचा अडकल्याची उदाहरणे आमच्या अभ्यासक्रमात विद्यार्थ्यांना मुद्दाम शिकवली जातात. त्या गृहस्थांचा हेतू चांगला असेल. पण एक्स-रे न पाहता लावलेला जोर हा धोकाच आहे.

मशीनच्या शेकाबद्दल तितके कठोर बोलण्याचे कारण नाही. शेकाने रक्ताभिसरण वाढते, ऊती थोड्या सैल होतात आणि पुढचा व्यायाम सोपा जातो. परंतु शेक घेऊन हात झाकून घरी आलात, तर तास-दोन तासांत तो पुन्हा होता तसा होतो, कारण शेकाने सांधा हलत नाही. आमच्या व्यवसायातील काही ठिकाणी रुग्णाला नुसते मशीनखाली बसवून पाठवले जाते, याचे मला मनापासून वाईट वाटते. तुमच्यासारख्या रुग्णाला तर एस.टी.चे भाडे खर्चून मशीनच्या शेकासाठी जाण्याची गरजच नाही. घमेल्यात कोमट पाणी घेऊन त्यात दहा मिनिटे हात बुडवून ठेवा. तेवढा शेक पुरेसा आहे. मात्र तुम्हाला मधुमेह आहे आणि त्यात कातडीला उष्णता कळण्याचे प्रमाण कमी झालेले असू शकते, म्हणून पाणी किती गरम आहे ते आधी डाव्या हाताच्या कोपराने पाहा.

त्या घमेल्यातच व्यायामाला सुरुवात करा. पाण्यात हात असतानाच बोटे सावकाश मिटा आणि उघडा. आधी बोटांच्या वरच्या दोन पेरांचाच आकडा करा, जणू बादलीची कडी धरायची आहे. मग बोटे सरळ ठेवून फक्त मुळाशी काटकोनात वाकवा. मग पूर्ण मूठ मिटण्याचा प्रयत्न करा. या तीन निरनिराळ्या मुठींनी बोटांच्या दोऱ्या आपापल्या म्यानात निरनिराळ्या तऱ्हेने सरकतात आणि चिकटलेल्या जागा सुटतात. प्रत्येक मूठ दहा वेळा. शेवटी डाव्या हाताने उजव्या बोटांना तळव्याकडे हलकेच दाबून पाच आकडे मोजा. पाण्यात एक स्पंज टाकून तो पिळायचा प्रयत्न केलात, तर पकडीचा व्यायामही तिथेच होतो.

मनगटासाठी आपल्याजवळ एक व्यायाम पूर्वापार आहे, तो म्हणजे नमस्कार. दोन्ही तळवे छातीशी जोडा आणि तळवे एकमेकांपासून न सुटू देता कोपरे हळूहळू वर, आडवी होतील अशी उचला. उजव्या मनगटाच्या आतल्या बाजूला ताण जाणवू लागेल. तो तीन-चारवर आला की तिथेच थांबा, दहा आकडे मोजा आणि सैल सोडा. मग हाच नमस्कार उलटा करा, म्हणजे हातांच्या पाठी एकमेकींना लावून बोटे जमिनीकडे करा आणि कोपरे खाली आणा. पहिले आठ दिवस कोपरे फारशी हलणार नाहीत. डावा हात उजव्याला बरोबर घेऊन जातो, हे या व्यायामाचे मोठे वैशिष्ट्य आहे. परक्या माणसाने दाबण्यापेक्षा आपलाच हात आपल्याला अधिक अचूकपणे दाबतो.

तळहात आभाळाकडे वळवणे, जे माझ्या आत्याला कधीच जमले नाही, ते परत मिळवायला सर्वांत अधिक चिकाटी लागते. कोपर बरगडीला चिकटवून काटकोनात धरा. कोपर चिकटलेले असणे महत्त्वाचे आहे, नाहीतर खांदा फसवतो आणि हात वळल्याचा भास होतो. उजव्या हातात लाकडी पळी किंवा लाटणे एका टोकाशी धरा, दुसरे टोक छताकडे राहू द्या. आता हात हळूहळू बाहेरच्या बाजूला वळवा. पळीचे वजनच हाताला पुढे नेईल. ताण आला की थांबा, मोजा, परत मध्यावर या. मग आतल्या बाजूला. सुरुवातीला पळी मध्यावर धरा म्हणजे ती हलकी लागेल आणि जसजसा हात मोकळा होईल तसतशी ती अधिकाधिक टोकाशी धरत जा. आठवड्यातून एकदा, ओंजळीत पाणी घेतल्यासारखा तळहात करून त्यात एक सुपारी ठेवून पाहा. ती घरंगळून न पडता तळव्यात राहिली, की तुमचा हात बराच वळला असे समजा.

हे सारे दिवसातून एकदा तासभर करण्यापेक्षा पाच-सहा वेळा, प्रत्येकी दहा मिनिटे करणे कितीतरी अधिक उपयोगी आहे, कारण आखडलेला सांधा दोन-तीन तास स्वस्थ राहिला की पुन्हा आवळू लागतो. घड्याळ लावण्यापेक्षा रोजच्या कामांना व्यायाम बांधून टाका: सकाळचा चहा, आंघोळ, दुपारची पेज किंवा जेवण, संध्याकाळची दिवेलागण, रात्री अंथरुणावर पडण्यापूर्वी. मधल्या वेळात हात लोंबता ठेवू नका. बसलेल्या वेळी उशीवर, छातीच्या उंचीवर ठेवा. झोपताना शेजारी दुमडलेली गोधडी घेऊन तिच्यावर ठेवा. एस.टी.त बसल्यावरही उजवा हात डाव्या खांद्यावर ठेवता आला तर संध्याकाळची सूज कमी झालेली तुम्हाला दिसेल.

खांद्याकडे दुर्लक्ष करू नका अशी माझी विशेष विनंती आहे. मनगट मोडलेले असताना खांद्याला काहीच झालेले नव्हते. तो केवळ झोळीत सहा आठवडे अंगाशी धरल्यामुळे आखडू लागला आहे. मधुमेह असलेल्यांमध्ये खांदा धरण्याचे प्रमाण इतरांपेक्षा बरेच जास्त असते आणि एकदा पुरता धरला की तो मोकळा व्हायला वर्ष-दीड वर्षही लागू शकते. आज तो नुकताच आखडतो आहे, म्हणून आजच हलवा. ओट्यावर डावा हात टेकून पुढे वाका, उजवा हात विहिरीत सोडलेल्या दोरासारखा सैल लोंबू द्या आणि तो मागे-पुढे, मग गोल, झोके घेतल्यासारखा फिरवा. त्यानंतर भिंतीसमोर उभे राहून बोटांनी भिंतीवर चढत जा आणि जिथे हात अडला तिथे कोळशाने एक रेघ ओढा. दुसऱ्या दिवशी त्या रेघेच्या वर जाण्याचा प्रयत्न करा. रक्तातील साखर आटोक्यात ठेवणे हाही खांद्याचाच उपचार आहे, म्हणून या दिवसांत गोळी चुकवू नका.

आता गणपती. आपल्याकडे गणपतीत घरच्या बाईने स्वस्थ बसावे, हे सांगणाऱ्याला ऐकून घेणारे कोणी नसते आणि मीही तसे सांगणार नाही. परंतु कामांची निवड करता येते. खवणीवर नारळ खवताना मनगटावर जोर, पिळा आणि धक्का असे तिन्ही एकदम येतात. ते या वर्षी तुमचे काम नव्हे. विहिरीचे पाणी शेंदणे, भरलेली कळशी उचलणे, मोदकाची उकड गरम असताना मळणे, ओले कपडे पिळणे आणि जमिनीवरून उठताना उजव्या तळव्यावर भार देणे, हे पडल्यापासून साधारण तीन महिने होईपर्यंत आणि डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत टाळा. याउलट मळून झालेल्या उकडीची पारी करून मोदकाच्या पाकळ्या पाडणे हे तुमच्या बोटांसाठी उत्तम काम आहे. अंगठा आणि दोन बोटे यांची नाजूक चिमूट, तळव्यावर पारी फिरवणे, हे सगळे आम्ही दवाखान्यात चिकणमातीच्या गोळ्यावर करून घेतो. पाच-सहा मोदक केल्यावर थांबा, हात वर धरून मूठ उघडझाप करा आणि मग पुढचे करा. पहिल्या दिवशीच्या पाकळ्या सारख्या आल्या नाहीत तर येऊ द्यात. दुर्वा निवडणे, फुलांचे हार करणे, वाती वळणे हेही चालेल. आणि कासार आला तर उजव्या हातात या वर्षी बांगड्या भरून घेऊ नका. हात दाबून बांगडी चढवताना जी जागा पिळली जाते ती नेमकी तुमच्या मोडीच्या जवळची आहे आणि संध्याकाळच्या सुजेत ती बांगडी रुतेल.

सासूबाईंना हे पत्र वाचून दाखवायला माझी हरकत नाही. त्यांना सांगा की हाडही वापरानेच बळकट होते. हाडावर जसा भार पडत जातो तशी त्याची घडण होते, हे ज्युलियस वुल्फ या जर्मन शल्यविशारदाने १८९२ साली मांडले आणि आजही आमचे बरेचसे उपचार त्याच पायावर उभे आहेत. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्यांच्यावर एक काम सोपवा. दिवसातून पाच वेळा "व्यायाम झालो?" असे त्यांनी विचारायचे. ज्या माणसाला आपल्या हाताची काळजी वाटते आहे, त्याच माणसाला पहारेकरी केले की घरातला विरोध आपोआप मावळतो, हा माझा पंचवीस वर्षांचा अनुभव आहे. आणि खवणीवर बसायला घरात दुसरे कोण कोण आहे, हेही एकदा सर्वांसमोर बोलून घ्या; मुलग्यांनाही नारळ खवता येतो.

फिजिओथेरपिस्टकडे जाणे सोडू नका, परंतु आठवड्यातून तीन वेळा जाण्याचीही गरज नाही. आठवडा-दहा दिवसांतून एकदा गेलात तरी चालेल असे मला वाटते, मात्र मधल्या दिवसांत घरचा व्यायाम झाला पाहिजे. आमचे खरे काम रुग्णाचा हात आमच्या हातांनी वाकवून देणे हे नसते. सांधा किती अंशांत हलतो ते मोजणे, कुठे आणि कशामुळे अडते ते शोधणे, पुढच्या आठवड्याची मात्रा ठरवणे आणि रुग्णाला ती शिकवणे हे आमचे काम असते. १९५३ साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात देशातील फिजिओथेरपीची पहिली शाळा निघाली, ती पोलिओच्या साथीनंतर. औषध जिथे संपले होते तिथे लुळ्या पडलेल्या मुलांच्या उरलेल्या स्नायूंना रोज थोडे थोडे शिकवत उभे करायचे होते, आणि ते मुलांच्या आयांना शिकवल्याशिवाय होण्यासारखे नव्हते. पुढच्या भेटीत मनगटाचे अंश मोजून एका वहीत लिहून मागा: पुढे किती, मागे किती, तळहात वर किती, खाली किती. दुखणे रोज कमी-जास्त होत राहते आणि त्यावरून मन खचते. आकडे मात्र दर आठवड्याला थोडे पुढे सरकलेले दिसतात. मूठ पूर्ण मिटायला काही आठवडे लागतील, पकडीची ताकद परत यायला सहा महिने ते वर्षही लागेल, हे आधीच माहीत असलेले बरे.

आणखी एक गोष्ट, जी तुम्ही विचारलेली नाही. पन्नाशीनंतर, पाळी थांबल्यावर, उभ्या उंचीवरून पडून मनगट मोडणे हे अनेकदा हाडे ठिसूळ होत चालल्याचे पहिले लक्षण असते. तुमची पाळी थांबली असेल, तर हाडांच्या घनतेची तपासणी आणि ड जीवनसत्त्वाची पातळी याबद्दल डॉक्टरांना स्वतःहून विचारा. घनतेच्या तपासणीचे यंत्र सगळीकडे नसते. कोल्हापूर किंवा गोव्याकडे जाणे होईल तेव्हा ती करून घेता येईल. आणि विहिरीच्या त्या पायऱ्या. शेवाळ दर आठ दिवसांनी ताठ झाडूने खरवडून काढणे, वर चुन्याची निवळी किंवा ब्लीचिंग पावडर टाकणे आणि उतरताना धरायला एका बाजूने बांबू बांधणे, एवढे तुमच्या घरच्यांनी गणपतीची पाहुणेमंडळी येण्यापूर्वी करायला हवे.

फिजिओथेरपिस्टकडे या आठवड्यातच जा. जाताना प्लॅस्टर काढल्यानंतरचा एक्स-रे, साखरेचा शेवटचा रिपोर्ट आणि घरात वापरता ती पळी पिशवीत घेऊन जा. ती कुठे धरायची ते त्यांच्यासमोर एकदा करून दाखवा.